मी स्पीकर बोलतोय, आणि मी फाटलेला नाही

मी फाटलेला नाही. नाव-गाव नंतर सांगतो, पण हे आधी सांगून टाकतो. कारण या घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख तेवढी एकच करून दिली जाते: फाटका स्पीकर.

मी मूळचा एका रेडिओच्या पोटातला. पंडितमास्तरांनी शिरपूरकडून सुरतेला आल्यावर पहिल्याच वर्षी तो रेडिओ घेतला. मास्तर म्हणजे लूमच्या कारखान्यातले जॉबर. बिघडलेला माग दुरुस्त करणं हे त्यांचं काम. शंभर माग खडखडत असताना कुठल्या मागाचा धोटा आडवा दोरा नेताना अडखळतोय हे ते नुसतं ऐकून सांगत. गोडादऱ्यापासून पर्वत पाटियापर्यंत त्यांच्या कानाचं नाव होतं. रेडिओ निकामी झाला तेव्हा त्यांनी मला फेकलं नाही. मागाच्या मोडक्या लाकडाची पेटी स्वतः ठोकून मला तिच्यात बसवलं. तेव्हापासून मी त्या माणसाचा झालो.

त्यांचा कान जातोय हे सगळ्यांत आधी मला कळलं. बातम्या लागल्या की ते मला मोठं करायचे, दर वर्षी थोडं आणखी मोठं. मग एके दिवशी त्यांनी माझ्या पेटीवर तळहात ठेवला आणि तसेच बसून राहिले. तेव्हापासून ते आवाज हातानेच ऐकत आणि माणसांचं बोलणं ओठांवरून ओळखत. कारखान्यातही मागाच्या चौकटीला हात लावूनच दोष काढत, पण लोकांना वाटे की कान लावतात. मी कुणाला बोललो नाही. बोलणार तरी कुणाच्या आवाजात?

अठ्ठ्याण्णव साली घरात कॉम्प्युटर आला. मास्तरांची मुलगी गायत्री साड्यांची डिझाइनं काढायची. ऑफिसने जुना कॉम्प्युटर तिला घरी काम करायला दिला होता. सुरतेतल्या नवागामच्या आमच्या खोलीत तिने त्याच्यात विमान उडवायचा खेळ भरला आणि माझ्या दोन तारा त्याला जोडल्या. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! या वयात इंजिन व्हायला मिळतंय, आणखी काय हवं?

पण इंजिन काही बोलेना. चाकं जमिनीला टेकल्याचा धप्प आवाज यायचा, धोक्याचा भोंगा वाजायचा. इंजिन मात्र एकदाच गुरगुरून गप्प व्हायचं. गायत्रीने खेळातले आवाज कमी-जास्त करून पाहिले, तारा काढून पुन्हा घातल्या. शेवटी वडिलांना बोलावून आणलं.

मास्तरांनी माझ्यावर तळहात ठेवला. "हाऊ सुरू व्हस नि लगेच मरस," ते म्हणाले. "पोरी, स्पीकर चांगला शे. मांगे दोन जण एकच दोरा वढी राह्यनात."

खरोखर तसंच निघालं. प्रिंटर आणि आवाजाचं कार्ड या दोघांनाही कॉम्प्युटरने सात हाच नंबर दिला होता. दोघं एकाच वाटेवर भांडत होते. गायत्रीने कार्डाला पाच नंबर दिला आणि इंजिन अखंड सुरू झालं. "आबा, तुमचा कान म्हंजे!" म्हणत ती नाचलीच. मास्तर हसले, हात मात्र त्यांनी माझ्यावरून काढला नाही. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस होता.

पुढच्याच रविवारी आनंदा मुकादम चहाला आला. माणूस जालन्याकडचा, गोड बोलणारा. शेठ नवे माग बसवणार होते. त्यांच्यावर मास्तरांना नेमायचं की त्यांना घरी बसवायचं, हे आनंदा ठरवणार होता. पंडितचा कान गेला अशी कुजबुज कारखान्यात सुरू झालीच होती. धुरपदाबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, पाहुण्यासाठी जागा करायला मला उचलून उंच फळीवर ठेवलं. मास्तरांचा हात तिथे पोचत नव्हता.

गायत्रीने हौसेने विमान सुरू केलं. आनंदाने कप खाली ठेवला.

"मास्तर, इंजिन कसं चाललंय? वाढतंय का कमी हुतंय? सांगा की."

मी जीव तोडून गरजत होतो. आवाज चढत होता, स्वच्छ, एकसारखा. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. मग ते सावकाश, अधिकाराने म्हणाले, "यामाईन काय कळी? हाऊ स्पीकर फाटेल शे. याना कागद फाटेल शे." कागद म्हणजे माझ्या तोंडावरचा, थरथरून आवाज काढणारा पडदा.

मला वाटलं, गायत्री तरी म्हणेल, नाही आबा, चांगला वाजतोय. पण मास्तरांनी सांगितल्यावर स्वतःच्या कानावर कोण भरवसा ठेवणार! तिने मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाली, "हां, थोडा घरघरतोय खरा." आनंदानेही मान डोलावली. "मला बी तेच वाटत हुतं. मास्तर, कान लई तेज हाय तुमचा." नवे माग मास्तरांना मिळाले.

ज्या हातांनी माझी पेटी ठोकली त्याच माणसाने मला फाटका ठरवलं. मला राग आला, अजूनही येतो.

आठवड्याभरात प्लॅस्टिकचे दोन नवे स्पीकर आले. गायत्रीने ते जोडले, पडद्यावर विमानाचा पंखा गरगरू लागला. मास्तर त्याच्याकडे बघत म्हणाले, "हां! आते बराबर. पहिलेच सांगेल व्हतं मी."

स्टोव्हपाशी बसलेल्या धुरपदाबाई म्हणाल्या, "काय बराबर? माले त काहीच ऐकू येत नही."

गायत्रीची नजर नव्या स्पीकरच्या दिव्याकडे गेली. दिवा विझलेला होता. ती बटण लावायलाच विसरली होती. तिने वडिलांकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे. तिला सगळं कळलं. मी म्हटलं, आता माझा न्याय होणार.

"आई, तुना स्टोव्हमुये तुले ऐकू येत नही," ती म्हणाली आणि तिने हळूच बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना तिने मला खाली काढलं. तारा जोडून विमान सुरू केलं आणि पूर्ण उंचीवर नेलं. मी एकदाही घरघरलो नाही. ती ऐकत राहिली, तिचे डोळे भरून आले. मग तिने विमान बंद केलं आणि मला जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलं. शेजारच्या सुंदराबाई तेवढ्यात डोकावल्या. त्यांना रेडिओसाठी स्पीकर हवा होता.

"नको मावशी," गायत्री म्हणाली. "तो फाटेल शे."

मास्तर खोटं बोलले ते भीतीपोटी. ही मात्र सगळं ठाऊक असून बोलली. मला तेच जास्त लागलं.

आता मी माळ्यावर आहे. तुम्ही कधी नवागामला आलात तर एवढं करा. माझ्यावरची साडी सोडा, तारा जोडा आणि मास्तरांचा हात धरून माझ्या पेटीवर ठेवा. इंजिन चढतंय का उतरतंय, ते बरोबर सांगतील. फक्त आनंदा मुकादम त्या वेळी घरात नाही ना, तेवढं आधी बघून घ्या.