बाबांचा वेगळा टॉवेल

घरात कोणाला मोठा आजार निघाला, की तुम्ही-आम्ही आधी काय करतो? आजाऱ्यापासूनच तो लपवतो. या घरातल्या मुलानेही तेच केलं, आणि मोठ्या प्रेमाने केलं.

बाबांचं चौकात सलून होतं. उभा जन्म त्यांनी लोकांचे केस कापण्यात आणि त्यांच्या गप्पा ऐकण्यात घालवला होता. डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, तेव्हा तपासण्या झाल्या. स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ निघाली. ती मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसली होती, त्यामुळे ऑपरेशन शक्य नव्हतं. मुलाने घरी येऊन साधी कावीळ असल्याचं सांगितलं आणि रोज उतरत जाणारा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून बाथरूममधला आरसा काढून माळ्यावर टाकला. तो फुटला, असं सुनेने सांगायचं ठरलं. जन्मभर आरशासमोर उभं राहिलेल्या माणसापासून आरसा लपवायचा, हे शहाणपण प्रेमालाच सुचू शकतं!

बाबा मात्र तुटक वागू लागले. दुकानाला कुलूप लावलं. टॉवेल वेगळ्या दोरीवर, ताट वेगळं. नात रांगत खोलीशी आली की ते दार लोटून घेत. आजारपणाने माणूस विक्षिप्त होतो, अशी मुलाने स्वतःची समजूत घातली.

पित्तनळीत स्टेंट घालू, असं डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. मुलगा त्यांना भेटायला गेला तो नकार द्यायच्या तयारीनेच. ऑपरेशन होत नाही, मग उगाच हाल कशाला? शिवाय दवाखान्यात आणलं की बाबांना सगळं कळणार आणि ते हाय खाणार.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी समजावलं, की गाठीने पित्तनळी दाबली आहे, पित्ताला वाट नाही, म्हणून कावीळ आणि खाज. तोंडातून कॅमेऱ्याची नळी जठराच्या पुढे न्यायची, अडलेल्या जागेतून बारीक तार पलीकडे सरकवायची आणि तारेवरून जाळीची मिटलेली नळी, म्हणजेच स्टेंट, तिथे नेऊन सोडायची. ती आपोआप उघडते आणि पित्त वाहू लागतं. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, नळी पुढे तुंबू शकते, हेही त्यांनी लपवलं नाही.

"म्हणजे कॅन्सर जाईल?" मुलाने विचारलं.

"नाही, तो राहील. खाज जाईल, कावीळ उतरेल, दोन घास पोटात जातील. ऑपरेशन होत नाही म्हणजे काहीच होत नाही, असं नसतं हो. पण त्यांना सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही. अंग त्यांचं आहे."

दुसऱ्या दिवशी मुलगा बाबांना घेऊन आला आणि ते बाईंसमोर बसले. किती कळून घ्यायचंय, असं बाईंनी आधी विचारलं. सगळं, असं बाबा म्हणाले. बाईंनी सोप्या शब्दांत, घाई न करता सगळं सांगितलं. मुलाला मान वर करवेना.

बाबांनी एवढंच विचारलं, "ही खाज दुसऱ्याला लागते का?"

"मुळीच नाही."

"लहान मुलाला?"

"नाही, बाबा. कोणालाच नाही."

बाबांचे डोळे भरून आले. ते मुलाकडे वळले. "अरे, आरसा गायब झाला तेव्हाच मला वाटलं, मला कसला तरी कातडीचा रोग झालाय आणि तुम्ही भिडेपोटी बोलत नाही. अंगाला खाज असली की गिऱ्हाईकाला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. म्हणून दुकान बंद केलं. म्हणून पोरीला जवळ घेतलं नाही. कॅन्सर तर कॅन्सर, सांगायचंस ना रे!"

केवढी ही चूक! बापाला एका दुःखापासून वाचवायला गेलेल्या मुलाने त्याच्या गळ्यात दुसरंच दुःख बांधलं होतं.

बाबांनी होकार दिला. बाईंचं काम मात्र पाहत राहावं असं! अंगावर क्ष-किरणांपासून बचावासाठी शिशाचा जड एप्रन, नजर पडद्यावर. तार पहिल्यांदा भलत्याच वाटेने गेली. त्यांनी जोर केला नाही. तार मागे घेतली, कोन बदलला, पुन्हा हळूच सरकवली. जाळी उघडली आणि तुंबलेलं गडद पित्त वाहू लागलं. अशा हातांपुढे मान आपोआप झुकते.

हळूहळू खाज ओसरली, जेवण जाऊ लागलं. बाबांनी नातीला मांडीवर घेतलं ते खाली ठेवायलाच तयार होईनात. थंडी वाजून ताप आला तर लगेच यायचं, असं बाईंनी बजावलं होतं. आता घरात ते उघडपणे बोलता येत होतं.

एका सकाळी बाबांनी दुकान उघडलं. मुलाची मान पाहून हे काय जंगल वाढवलंयस म्हणून त्याला खुर्चीत बसवलं आणि कात्री चालवू लागले. मुलाने धीर करून विचारलं, "बाबा, भीती वाटते का हो?"

"वाटते की. पण आता ती बोलता येते." त्यांनी त्याचं डोकं हलक्या हाताने खाली वाकवलं. "हलू नकोस. सांगतो."

मग बाबा बोलत राहिले आणि मुलगा ऐकत राहिला.

वाचकहो, आजार पूर्ण बरा होत नसेल, तरी आजाऱ्याचा त्रास कमी करता येतो. तो मार्ग आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि त्या मार्गाने जायचं की नाही, हे मात्र ज्याचं दुखणं आहे, त्यालाच विचारा.