खुंट्यांची ओळ

हंबीररावांना वाकडं काही खपायचं नाही. सव्वीस वर्षं मिलिटरीत काढून सुभेदार होऊन आलेला माणूस. घरी आल्यावर कडब्याच्या पेंढ्यासुद्धा दोरी लावून रचायचा. "नोकरी सरली, पण परेड काय सरंना," असं त्यांची बायको राहीबाई म्हणायची, आणि ती काही खोटं बोलत नव्हती.

कोरेगावच्या पुढं माळावर दगडाची खाण आहे. वीस वर्षं दगड निघाला आणि वरची माती, मुरूम, क्रशरची भुकटी एका अंगाला पडत गेली. तिचा चार मजली ढीग झाला. आता खाण बंद पडली होती आणि ढीग हिरवा करायचं काम निघालं होतं. त्यासाठी सृष्टी आली. सांगलीची इंजिनिअर पोरगी, चंद्रपूरकडं कोळशाच्या खाणींवर असल्याच ढिगांचं काम करून आलेली. तिनं उतारावर गवत लावलं, करंजाची रोपं लावली आणि मधोमध वीस लोखंडी खुंट्या एका ओळीत ठोकल्या. खाणीच्या राखणीला पेन्शनीत आल्यापासून हंबीरराव होतेच.

"काका, खुंटी हलली म्हणजे ढीग हलला. रोज सकाळी ओळ बघायची आणि वहीत लिहायचं. वाकडी दिसली की लगेच मला फोन."

"बाई, तुमी निवांत ऱ्हावा," हंबीरराव म्हणाले.

परतीचा पाऊस चार दिवस धो धो पडून उघडला, तसा आटपाडीकडचा सिद्धू आपली मेंढरं घेऊन आला. दरसाल यायचा. सव्वाशे मेंढरं, दोन घोडी आणि बायको रंगुबाई. ढिगाच्या पायथ्याला त्यांचा तळ पडायचा. रंगुबाईच्या हातची बाजरीची भाकरी हंबीररावांनी कितीदा खाल्ली असेल, त्याला गणती नाही. मेंढपाळाचा तळ एका जागी तीन दिवसांवर टिकत नाही. पण औंदा मेंढ्या नुकत्याच व्याल्या होत्या, कोकरं पायावर उभी राहायची होती.

दुसऱ्याच सकाळी हंबीररावांना मधल्या चार खुंट्या चार बोटं खाली सरकलेल्या दिसल्या. त्यांचं टाळकंच फिरलं. "झालं! घासली अंगं मेंढरांनी!" फोनबिन काही नाही. मेंढरांच्या खोडीपायी बाईला सांगलीवरनं पळवायची का? त्यांनी दोरी ताणली, खुंट्या उपटल्या आणि पुन्हा सुतात ठोकल्या. मग वहीत लिहिलं, ओळ सरळ.

तिसऱ्या दिवशी परत तेच. सिद्धूला बोलावून त्यांनी झाडला.

"आवं सुभेदार, माजी मेंढरं तिकडं चढतच न्हाईत," सिद्धू म्हणाला.

"मग काय मी घासतोय व्हय रं पाठ?"

सिद्धू हसला. हसण्यावारीच गेलं ते. हंबीरराव रोज खुंट्या ठोकत राहिले आणि वही भरत राहिली. अक्षर कसं, मोत्याचा दाणा!

पाचव्या दिवशी मात्र सिद्धू हसत नव्हता. "मेंढरं ढिगाच्या अंगाला बसंनात, सुभेदार. पायथ्याला वल बी फुटलीय. तळ हलवावा म्हंतो."

"गड्या, वही बघ की! पांढऱ्यावर काळं हाय. लहानग्या कोकरांस्नी कुठं चालवतोस? बस निवांत."

सिद्धूला वाचता येत नव्हतं. पण सुभेदाराचा शब्द त्याला देवाच्या भंडाऱ्याइतका खरा होता. तो थांबला.

शनिवारी सृष्टी आली. तिनं वही चाळली, वर जाऊन ओळ बघितली. ओळ कशी, आखून काढल्यागत! "पावसानंतर खाली कुणी नको, खरं तर," ती म्हणाली. "पण ओळ एवढी पक्की आहे, तर राहू देत चार दिवस."

अकराव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला ढीग खाली आला. सिद्धू मेंढरं घेऊन ओढ्याकडं गेला होता. तळावर रंगुबाई चूल फुंकत होती, जाळीच्या कुंपणात एकोणीस कोकरं होती. खडीचा डंपर ओतावा तसा आवाज झाला, बस्स. दुपारी मशीननं माती काढली तेव्हा रंगुबाईच्या हातात अजून फुंकणी होती.

चौकशीला आलेल्या साहेबानं वही उलटीपालटी केली. "रोजची नोंद आहे. ढिगानं काही इशाराच दिला नाही. कुणाची चूक म्हणता येत नाही."

सृष्टीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काका, आदल्या दिवशीपण ओळ सरळ होती?"

"व्हय," हंबीरराव म्हणाले. ते खोटं नव्हतं, आणि तेच त्यांच्या छातीवर बसलं. घरी त्यांनी ताट बाजूला सारलं. राहीबाईनं विचारून विचारून नाद सोडला.

तिसऱ्या दिवशी सावडून झाल्यावर सिद्धू दारात आला. खाली मान घालून उभा राहिला.

"सुभेदार, एक इचारू? तुमी म्हनत हुता मेंढरांनी खुंट्या ढिल्या केल्या. त्यामुळंच ढीग आला का? माज्याच मेंढरांनी खाल्ली का तिला?"

हंबीरराव गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. वही साफ होती, साहेब साताऱ्याला निघून गेला होता. आणि हा भोळा गडी जन्मभर आपल्याच मेंढरांकडं संशयानं बघत राहिला असता.

"न्हाई रं सिद्धू." ते मटकन उंबऱ्यावर बसले. "मेंढरांनी काय बी केलं न्हाई. ढीगच सरकत हुता. त्यो रोज सांगत हुता आनि मी रोज त्याचं तोंड दाबून खुंट्यांची वळ सरळ करत हुतो."

सिद्धूनं मान वर केली.

"किती दिस सांगत हुता?"

"धा दिस."

सिद्धूनं डोक्याचं पागोटं काढून तोंड पुसलं.

"धा दिसात," तो म्हणाला, "आमी तीनदा जागा बदलली असती, सुभेदार."

आणि तो मेंढरांकडं चालू लागला. त्या संध्याकाळी हंबीरराव वही घेऊन साताऱ्याच्या एसटीत बसले.