दमलेल्या हाताचं काम

तिसऱ्यांदा हेलियम भरलं होतं आणि तिसऱ्यांदा हिशेब तोच निघत होता: अठरा महिने. हवे होते तीस. मी स्टुलावर बसून मीटरकडे अशी रोखून बघत होते, की निदान लाजेखातर तरी काटा हलेल. मीटरला लाज नसते. मलाही आता फारसं काही वाटेनासं झालं होतं, नुसती पाठ दुखत होती.

सणसवाडीतल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही एक चुंबक बनवत होतो, अवकाशात जाणाऱ्या उपकरणासाठी. दूरवरून येणारे कण या चुंबकापाशी वळतात, आणि किती वळले त्यावरून ते कसले कण आहेत हे शास्त्रज्ञांना कळतं. चुंबक म्हणजे तारेचं एक मोठं वेटोळं. ते द्रव हेलियममध्ये बुडवून अतिशय थंड केलं, की त्यात एकदा सोडलेली वीज कशालाही न अडता फिरत राहते. ती दमत नाही. दमायचं खातं आमच्याकडे आहे.

अडचण एवढीच, की वर गेल्यावर हेलियम भरायला कोणी जाणार नाही. टाकीत भरलेलं तीस महिने पुरायला हवं. बाहेरची ऊब आत शिरली की हेलियम उकळून उडून जातं, आणि आमच्या टाकीत ऊब शिरत होती. आम्ही व्हॉल्व्ह बदलले, आधाराच्या पट्ट्या बदलल्या, एकमेकांवर ओरडून झालं. आकडा अठराच.

मालक रविराज सर ओरडत नाहीत, हळू बोलतात, ते जास्त वाईट. ते म्हणाले, हेलियम मिळायची मारामार आहे, आणखी एकदाच भरू. जमलं नाही तर टाकी आहे तशी परराज्यातल्या मोठ्या कंपनीकडे जाईल, पुढचं ते बघतील, आणि गुंडाळणीच्या खोलीत आपण स्टोअर करू. गुंडाळणीची खोली म्हणजे कस्तुरामावशींची खोली.

मावशी मूळच्या इनामगावच्या, आता शिरूरहून रोज बसने येतात. बाहेरची ऊब अडवायला टाकीभोवती चंदेरी चकचकीत कागदाचे चाळीस थर द्यायचे असतात, दोन थरांमध्ये जाळी. कागद कसला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. माझ्या हातात तो फाटतो, बाकीच्यांच्या हातात चुरगळतो, मावशींच्या हातात मात्र गपगुमान बसतो. आमच्याकडे यायच्या आधी त्यांनी निम्मं आयुष्य एका कारखान्यात पॅकिंग केलं होतं. तिथे सैल बांधलेला माल परत यायचा आणि शिव्या बाईला बसायच्या. त्यामुळे त्यांनी टाकी गुंडाळली ती अशी, की कुठे एक सुरकुती नाही. पाहुणे आले की सर त्यांना आधी तीच दाखवायचे.

रविवारी मी दौंडला घरी गेले, म्हणजे झोपायला गेले. थंडी होती. आईने जुनी गादी-रजई काढून दिली आणि मी रात्रभर कुडकुडले. सकाळी आई म्हणाली, कापूस दाबून बसलाय, पिंजून आणायला हवी. मी चहाचा कप तसाच ठेवला. दाबून बसलेल्या थरांतून ऊब जाते, हे मला पुस्तकात शिकवलं होतं, परीक्षेत त्याला मार्कही मिळाले होते. पण शेडमधल्या सगळ्यात देखण्या कामावर संशय घ्यायचं आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

सोमवारी टाकी तापू दिली आणि उघडली तेव्हा मोजायचा टेप लावून पाहिला. चाळीस थर अंगठ्याएवढे जाड भरायला हवे होते, भरले त्याच्या निम्मे. मावशींनी ते इतके आवळले होते, की थराला थर चिकटले होते. उलगडायला मीच बसले. मावशी दारात उभ्या होत्या. मी सांगितलं की सगळं छान आहे, फक्त सैल हवं.

"ढिलं काम कुणीबी करंल, मॅडम," मावशी म्हणाल्या. "त्याला मी कशाला पायजे?"

सरावासाठी एक रिकामं पिंप दिलं. मावशी सैल गुंडाळायच्या, दोन थर बरे जायचे, तिसऱ्याला बोटं आपोआप आवळायची. मी चिडायचे, परत उलगडायचं. एके दिवशी सकाळपासून पाहुण्यांसाठी सगळ्या खिडक्या त्यांनीच पुसल्या होत्या, आणि चार वाजता त्या पिंपापाशी आल्या. कंबर धरून गुंडाळलं. मी टेप लावला. अंगठ्याएवढं, तंतोतंत. दुसऱ्या दिवशी सकाळी परत घट्ट. संध्याकाळी परत बरोबर.

मग मी जे केलं ते मला आवडलं नाही, पण केलं. मावशींना दिवसभर उभ्याची कामं लावली. पाइपांच्या तोंडाचे फ्लँज घासा, जाळी कापा, रॅक पुसा. टाकी फक्त चारनंतर. रोज थोडेच थर. कारण विचारलं तर दुपारी शेडमध्ये धूळ असते, अशी थाप मारली. पन्नाशी उलटलेल्या बाईला मी मुद्दाम दमवत होते, आणि ती दमली की मला बरं वाटत होतं. तेव्हा स्वतःची किळस यायची. मग मीटर आठवायचा.

आठवडाभराने, हातात कागद धरून, वर न बघता त्या म्हणाल्या, "तुम्हाला दमलेली बाई पायजे व्हय?"

मी हो म्हटलं. आता थाप मारायचंही त्राण नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा थर घेतला. दुसऱ्या दिवशी फ्लँज त्यांनी माझ्या सांगण्याची वाट न बघता घासायला घेतले.

चाळीस थर पुरे झाले. दिसायला खरंच वाईट दिसत होतं, घाईत चादर ओढून निघून गेल्यासारखं. आमच्याकडे एक रीत आहे. बाहेरचं झाकण बंद करायच्या आधी, ज्यांचा हात कामाला लागला त्यांची नावं झाकणाच्या आतल्या कडेला पंचने ठोकायची. कोणी वाचणार नाही, पण नाव वर जातं. पहिल्या वेळी मावशींनी आपल्या नावातलं एकेक अक्षर स्वतः ठोकलं होतं आणि वरून बोट फिरवून बघितलं होतं. आता त्या झाकणापाशी आल्या आणि म्हणाल्या,

"माझं नाव काढा त्यातनं. असलं काम माझं न्हाई."

मी समजावलं. म्हटलं, हेच बरोबर आहे, चुकीचं ते आधीचं होतं. त्या भांडल्या नाहीत, नुसत्या तिथेच उभ्या राहिल्या. शेवटी झाकण दुसऱ्या शेडमध्ये नेलं आणि तेवढ्या जागेवर ग्राइंडर मारून घेतला. झाकण धुऊन परत आलं, तेव्हा माझ्या नावाखाली एक चकचकीत पट्टा होता. काम करणारीला आपलं नाव कशावर हवं आणि कशावर नको, हे तिनेच ठरवायचं, असं मी स्वतःला बजावलं. तरी झाकण बसवताना तिकडे बघवलं नाही.

चौथ्यांदा हेलियम भरलं. मीटर स्थिरावायची वाट बघत आम्ही सगळे भिंतीला टेकून होतो, कोणाच्या अंगात उत्सुकता उरली नव्हती. हिशेब निघाला: एकतीस महिने. मी तो पुन्हा केला, तरी एकतीस. रविराज सरांनी सगळ्यांना कॅन्टीनमधून चहा सांगितला, म्हणजे त्यांना भलताच आनंद झाला होता. टाकी इथेच राहणार, खोलीही राहणार.

मी मावशींना सांगायला गेले. त्या उरलेल्या कागदाचा रोल पिशवीत घालत होत्या. आकडा ऐकून बरं झालं म्हणाल्या, जणू दुसऱ्या कोणाच्या मुलीचं लग्न जमलं होतं. मी बावळटासारखी म्हणाले, की सरांना विचारून बाहेरच्या पाटीवर नाव घालता येईल. नको म्हणाल्या. चप्पल घालता घालता थांबल्या.

"ते आधीचं गुंडाळल्यालं तुम्ही नीट बघितलं व्हतं का? उलगडायच्या आधी?"

"बघितलं होतं."

"कसं व्हतं?"

मला खोटं बोलायची गरज पडली नाही. म्हटलं, कुठे सुरकुती नव्हती, त्यात मला माझा चेहरा दिसला होता, तसं काम मी परत कुठे पाहिलेलं नाही. ते काम मीच माझ्या हाताने उलगडून भंगाराच्या पोत्यात भरलं होतं, आणि त्या तेव्हा दारात उभ्या होत्या.

"मग बास," मावशी म्हणाल्या, आणि शिरूरच्या बसला निघाल्या.