न भरलेलं टिंब

“हिच्या डाव्या डोळ्यात काहीतरी आहे गं,” टिंबूआत्या म्हणाली आणि चिमट्यात धरलेला ओला फोटो तिनं माझ्यापुढे केला. पाणी फरशीवर टपटपत होतं. मी गुंडीला खांद्यावर घेऊन थोपटत होते आणि माझं निम्मं लक्ष त्या पाण्याकडे होतं. कुणाचा पाय घसरायला नको.

गुंडी म्हणजे आमची मुलगी. बटणासारखे गोल डोळे घेऊन जन्माला आली, म्हणून गुंडी. फोटोत ती रांगता रांगता थबकून आत्याच्या जुन्या कॅमेऱ्याकडे बघत होती. उजवा डोळा काळाभोर. डाव्याच्या मधोमध मोहरीएवढं पांढरं टिंब.

“धूळ असेल. निगेटिव्हवर बसली असेल,” नवरा सोफ्यावरून म्हणाला. “भरून टाक की, आत्या. तुझं तर नावच ते.”

“नाही भरणार.”

“का? हात थरथरतो आता?”

“तुझ्या जिभेला हाड नाही, पण माझ्या हाताला आहे अजून,” आत्या म्हणाली. एरवी असं काही बोलली की तीच आधी हसायची. त्या दिवशी हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, “सूनबाई, डॉक्टरला दाखव एकदा. फोनवर बघत बसू नकोस.”

मी फोनवरच बघितलं.

खरं तर मी कशालाही घाबरणारी आई. झोपलेल्या मुलीच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना, ते बघणारी. तिला उचकी लागली तरी मला घाम फुटायचा. म्हणूनच मी फोन उघडला आणि तिचे सगळे फोटो पालथे घातले. हसणारी गुंडी, रडणारी गुंडी, वरणभाताऐवजी चमचाच चावणारी गुंडी. प्रत्येक फोटोत दोन्ही डोळे स्वच्छ, काळे, चकचकीत. एका बाजूला हे एवढे साक्षीदार, दुसऱ्या बाजूला एक ओला कागद. मी फोन बंद केला. म्हाताऱ्या माणसांना काहीबाही दिसतं, असं मनाशी म्हणून मोकळी झाले. मुलगी धट्टीकट्टी होती. तिच्याबद्दल कुणी असं बोललेलंसुद्धा मला सोसवत नव्हतं.

टिंबूआत्या ही माझ्या नवऱ्याची थोरली आत्या. तिचं सगळं आयुष्य एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत गेलं. पुढच्या खोलीत मालक लोकांना “हनुवटी जरा वर” म्हणायचा, मागच्या खोलीत आत्या ते लोक धुवायची, छापायची आणि वाळत घालायची. मग टिंबं भरायची. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की छापलेल्या फोटोत पांढरा ठिपका उमटतो. चार केसांचा ब्रश जिभेच्या टोकाला लावायचा, नेमक्या छटेचा करडा रंग उचलायचा आणि तो ठिपका असा भरायचा, की तिथे कधी काही नव्हतंच. नवरीच्या कपाळावरचे, साहेबाच्या टायवरचे, वारलेल्या माणसाच्या शेवटच्या फोटोवरचे. साऱ्या गावाची टिंबं तिनं भरली. स्टुडिओ बंद झाला तेव्हा ती ट्रे, बाटल्या आणि लाल दिवा घेऊन आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावलं की तिचा कारखाना सुरू.

तिचं आणि माझ्या नवऱ्याचं त्यावरून नेहमी वाजायचं. त्यालाही काळ्या-पांढऱ्या फोटोंचा नाद, पण त्याचा कॅमेरा नवा आणि बाकी सगळं कॉम्प्युटरवर.

“तू अख्खी दुपार त्या अंधारात घालवतेस,” तो म्हणायचा. “मी एक बटण दाबतो. फोटो तोच.”

“तोच कसा? तुझ्या फोटोतली माणसं धुतल्या तांदळासारखी असतात. एवढी निर्मळ माणसं आपल्या घराण्यात तरी मी बघितली नाहीत.”

“म्हणजे फिल्मवर पाप दिसतं?”

“फिल्मवर जे असतं ते दिसतं. पुढचं माझ्या हातात,” आत्या म्हणायची आणि का कोण जाणे, तिथे नेहमी गप्प व्हायची.

तिच्या खोलीत पलंगाच्या समोर एक फोटो होता. स्टुलावर बसलेली, हातात चेंडू धरलेली फ्रॉकमधली मुलगी. आत्याची मुलगी. लहानपणीच गेली, एवढंच घरात बोललं जायचं. कशानं, ते कुणी विचारत नसे. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या फोटोची भीती वाटायची. खोलीत कुठेही उभी राहा, ती मुलगी आपल्याकडेच बघते आहे असं वाटायचं. दोन्ही डोळ्यांनी, रोखून. त्यामुळे ते डोळे माझ्या चांगले लक्षात होते.

त्या ओल्या फोटोनंतरची एक दुपार मला जशीच्या तशी आठवते. बाहेर फार ऊन होतं म्हणून सगळे पडदे ओढलेले. नवरा कामावर. आत्या न्हाणीघरात, दाराखालच्या फटीतून लाल उजेडाची रेघ बाहेर आलेली, आत पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. गुंडी झोपायचं नाव घेत नव्हती. तिला कडेवर घेऊन फिरता फिरता मी आत्याच्या खोलीत गेले, कारण ती सगळ्यांत गार होती.

फोटोतली मुलगी माझ्याकडे बघत होती. एका डोळ्यानं.

दुसऱ्या डोळ्यात उजेड होता. खोलीत अंधार होता, आणि तरी त्या कागदी डोळ्यात कुणीतरी आत बसून काडी ओढावी तसा बारीक पांढरा उजेड. मी बाहीनं काच पुसली. गेला नाही. नखानं खरवडली. ठिपका काचेवर नव्हताच, काचेच्या आत होता. मी स्वतःशी म्हटलं, बुरशी असेल, दमट हवा आहे. पण बुरशी काय डोळा शोधून, त्याच्या बरोब्बर मध्यावर बसते?

गुंडीनं फोटोकडे हात केला आणि खुदकन हसली. ओळखीचं माणूस दिसावं तशी.

मी घाईघाईनं टेबलावरचा दिवा लावला. आवाजासरशी गुंडीनं मान वळवली. उजेड तिच्या चेहऱ्यावर तिरका पडला आणि तिचा डावा डोळा चमकला. रस्त्यात मांजर गाडीसमोर आलं की चमकतो तसा. एकच. क्षणभर. मग तिनं मान हलवली आणि ती परत माझी गुंडी झाली.

फोटोतला डोळाही डावाच होता.

“दिसलं तुला?”

दारात आत्या उभी होती. हात ओले, मागे लाल अंधार.

“आत्या, हे आधी नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा या फोटोत हे नव्हतं.”

“आधीपासूनच होतं गं. मी भरलं होतं.”

ती पलंगाच्या कडेला बसली. हात पुसायचंही तिला सुचलं नाही.

“मालकानं हौसेनं काढला होता हिचा फोटो. मी छापला, तर डोळ्यात टिंब. म्हटलं, धूळ. ब्रश जिभेला लावला आणि भरून टाकलं. पुढच्या फोटोत परत टिंब. मी मालकावर उखडले, म्हटलं, लेन्स पुसता येत नाही का तुम्हाला? परत भरलं. असं भरलं, असं भरलं, की मालक म्हणाला, कुठे भरलंय ते देवालासुद्धा सापडायचं नाही.”

“मग?”

“मग पुढच्या फोटोला पोरच नव्हती.”

गुंडी आत्याचं ओलं बोट ओढत होती. आत्यानं ते तिला ओढू दिलं.

“कागद टिकतो बघ. वरून भरलेला रंग विटतो. ते टिंब परत वर येतंय. थोडं थोडं. रोज सकाळी उठल्यावर मी आधी तेच बघते. कधी कधी वाटतं, ही हळूहळू डोळा उघडतेय.”

“तुम्ही मला नीट सांगितलं का नाही, आत्या?” माझा आवाज चढला होता.

“काय सांगू? माझ्या पोरीसारखं तुझ्या पोरीचं, असं? ओठाशी आलं होतं. बाहेर निघेना.”

मी नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. तो आला तो वैतागतच. “अगं, माझा कॅमेरा आत्याच्या डबड्यापेक्षा शंभरपट बरा आहे. काही असतं तर आलं नसतं त्यात?” त्यानं कॉम्प्युटर लावला. पडद्यावर गुंडीचा मोठा काळा-पांढरा चेहरा उमटला. दोन्ही डोळे काळे.

“बघ.”

“हा कॅमेऱ्यातून आला तसाच आहे?” मी विचारलं. “की तू काही केलंस?”

“मी काही नाही करत. रंग काढतो फक्त. बाकीचं कॉम्प्युटरच आपोआप...” तो बोलता बोलता थांबला. “फ्लॅशनं डोळ्यात चमक येते ना, ती ते काढून टाकतं.”

“बंद कर ते.”

त्यानं बंद केलं. पडद्यावरच्या डाव्या डोळ्यात, अगदी मधोमध, पांढरं टिंब उमललं.

त्यानं आधीचा फोटो उघडला. तिथेही होतं. त्याच्या आधीचा. त्याच्या आधीचा. जसजसं मागे जावं तसतसं टिंब बारीक होत गेलं, चंद्र कलेकलेनं उतरावा तसं. शेवटी तान्ह्या गुंडीच्या डोळ्यात नखाच्या कोरीएवढी पांढरी रेघ उरली. इतके महिने ते आमच्याकडे बघत होतं आणि आम्ही “किती गोड!” म्हणत होतो. माझ्या फोनमधल्या त्या साऱ्या साक्षीदारांचे डोळेही कुणीतरी असेच पुसून मग मला दाखवले होते. फोनला कुणी सांगितलंही नव्हतं.

मागून आत्या हळूच म्हणाली, “म्हणजे तुझ्या यंत्रातपण एक टिंबूआत्या बसलीय.”

फिल्म चांगली की डिजिटल, यावर आमच्या घरात पुन्हा कधी वाद झाला नाही.

दवाखान्याचं मी फार लिहिणार नाही. डॉक्टरीणबाई गुंडीशी लाडेलाडे बोलत होत्या. त्यांनी तिच्या डोळ्यात दिवा धरला आणि त्यांचं बोलणं मध्येच तुटलं. तेवढ्यावरून मी समजले. कॅन्सरची गाठ डोळ्याच्या आत होती. अजून आतच होती, बाहेर पडलेली नव्हती. “डोळा नाही वाचवता येणार,” त्या म्हणाल्या, “पण मुलगी वाचेल. अजून उशीर केला असतात तर...” ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि मीही करत नाही. कधी कधी भांडी घासताना ते आपलं आपण पुरं होतं. मग मी नळ बंद करून गुंडी कुठे आहे ते बघून येते.

गुंडी आता धावते. डावा डोळा बनवलेला आहे. रंग इतका हुबेहूब जुळवलाय की शेजारणींना सांगावं लागतं. तपासण्या चालूच आहेत. प्रत्येक तपासणीच्या आधी मला जेवण जात नाही.

परवा आत्यानं तिचा फिल्मवर फोटो काढला आणि पहिल्यांदाच मला म्हणाली, “ये आत.” लाल दिव्याखाली आम्ही दोघी ट्रेवर वाकलो. आत्या ट्रे हळूहळू डुलवत होती, पाळण्यासारखा. कोऱ्या कागदावर जे काळं असतं ते आधी उमटतं. चेहरा नव्हता, ओठ नव्हते, आणि त्या पांढऱ्यातून दोन काळे डोळे वर आले. दोन्ही काळे. कुठला खरा आणि कुठला खोटा, ते आईलाही ओळखता येऊ नये इतके सारखे. मग केस आले, मग हळूहळू बाकीची गुंडी.

फोटो वाळल्यावर गालावर एक पांढरा ठिपका दिसला. आत्यानं सवयीनं ब्रश उचलला, जिभेच्या टोकाला लावला आणि थांबली.

“भरू?”

“गालावरचंच आहे ना?”

“गालावरचंच. धूळ आहे.”

“असू दे, आत्या.”

तिनं ब्रश खाली ठेवला.

तिच्या मुलीचा फोटो अजून तिथेच आहे. टिंब आता पूर्ण वर आलंय. नवरा एकदा म्हणाला, “आत्या, दे, मी स्कॅन करून नीट करून देतो.” आत्या म्हणाली, “नको रे. इतकी वर्षं तिनं डोळा उघडून दाखवला, तेव्हा कुठे कुणीतरी बघितलं. आता तू तो मिटू नकोस.” मी मात्र अजून दिवेलागणीला त्या खोलीत एकटी जात नाही.

तुमच्या घरात, शेजारी, बहिणीकडे, कुठेतरी एक लहान मूल असेल. ते जागं असेल तेव्हा एकदा जा. फोनमधलं आपोआप सुधारणं बंद करून, पडदे ओढून, फ्लॅश लावून त्याचा एक फोटो काढा. काळा-पांढरा असो की रंगीत, फिल्म असो की फोन, काही फरक पडत नाही. फक्त आधी दोन्ही डोळे बघा आणि मगच “किती गोड” म्हणा. एका डोळ्यात पांढरं दिसलं, तर ते धूळ आहे की नाही हे तुम्ही ठरवू नका, डॉक्टरांना ठरवू द्या.

आणि तोवर कृपा करून ते टिंब कुणाला भरू देऊ नका.