ऑरिनचं नाक आणि पाच गॅलन बिअर

जानेवारीत माझ्या नवऱ्याला, ऑरिनला, ताप आला. आठ दिवसांनी ताप उतरला, पण ऑरिनचं नाक कामातून गेलं. कॉफी, साबण, जळालेला टोस्ट, आमच्या म्हाताऱ्या कुत्रीचं ओलं अंग, कशाचाही वास येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल परत, कदाचित नाहीही येणार, वाट बघा. वाट बघणं ऑरिनला जन्मात कधी जमलेलं नाही.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. पण अमेरिकेतल्या मोठ्या सरोवराकाठच्या आमच्या डुलुथ शहरात, घरी बिअर करणाऱ्यांच्या मंडळात ऑरिन लिंडक्विस्टच्या नाकानं निकाल दिला की त्यावर अपील नसायचं. एक घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "आंबवायची बादली नीट धुतली नाहीस," किंवा "हवा लागलीय, ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय." मागच्या मे महिन्यात त्यानं आइली माकीला चारचौघांत ऐकवलं होतं, "ही पॉपकॉर्नवर ओत, लोणी वाचेल." आइली शाळेची बस चालवते. तिच्या जिभेला हाड नाही. पण त्या दिवशी ती अवाक्षर न बोलता उरलेली बिअर गवतात ओतून निघून गेली.

नाक गेल्याचं ऑरिननं मंडळात कुणाला सांगितलं नाही. मलाही सांगू दिलं नाही.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी रे हालव्हर्सनच्या परसात मंडळ जमतं. प्रत्येकानं आपली बिअर आणायची, एकमेकांची चाखायची. त्यासाठी ऑरिननं एप्रिलात लालसर बिअर उकळली. एरवी आंबवण चालू असताना तो दिवसातून एकदा बादलीशी जायचा, झाकणावरच्या नळीला नाक लावायचा आणि समजायचं ते समजायचा. आता नुसते नळीतले बुडबुडे मोजत बसायचा. बुडबुडे मंदावले तसं त्याला वाटलं, झालं काम. मी म्हटलं, "अजून चार दिवस राहू दे की. तूच सांगतोस सगळ्यांना."

"चार दिवस कुठून आणू? गॅस मुरायलाच आठवडा लागतो, मॅव्हिस."

तो शनिवार आठवड्यावर आला होता. तरी चार दिवस थांबून गॅस जास्त दाबानं लवकर भरता आला असता. पण त्यानं त्याच संध्याकाळी बादली थंड केली, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, बिअर स्टीलच्या केगमध्ये, म्हणजे नळ लावलेल्या पिंपात, भरून गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये ठेवली. गॅसच्या सिलिंडरची नळी जोडली, दाबाचा काटा बारा पाउंडांवर आणला. आता करायचं काहीच नव्हतं. थंडीत, हलक्या दाबाखाली, गॅस आपल्या गतीनं बिअरमध्ये मुरतो. माणसानं फक्त दार बंद ठेवायचं.

ऑरिननं सोमवारी ते दार किती वेळा उघडलं, देव जाणे. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. गॅरेजचं दार, फ्रिजचं दार, मग फ्रिजचं, मग गॅरेजचं. घरात आला तरी बूड टेकेना. वर्तमानपत्र उभ्यानं वाचायचा, अर्ध्यात टाकून पुन्हा निघायचा. कुत्री आधी त्याच्या मागे जायची. मंगळवारी तिनंही नाद सोडला.

बुधवारी दुपारी गॅरेजमधून धडधड ऐकू आली. जाऊन बघते तर हा खुर्चीवर बसलेला, केग मांडीवर आडवा घेतलेला, आणि रडक्या बाळाला हलवावं तसा पुढेमागे हलवतोय. काटा तिसावर.

"अरे, हे काय चाललंय?"

"हलवलं की गॅस लवकर शिरतो."

"पण शनिवारला अजून तीन दिवस आहेत!"

"म्हणूनच. उद्या चव कळायला हवी." एवढं बोलून तो थांबला. चव कुणाला कळणार होती, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. मग त्यानं केग पुन्हा हलवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाब कमी करायचा होता. तो विसरला. काट्याकडे वीसदा बघणारा माणूस नेमका काटा फिरवायला विसरला. शुक्रवारी जेवणाआधी त्यानं नळाखाली ग्लास धरला तर पांढरा फेस भसाभसा बाहेर आला. ग्लास भरला, हात भरला, बूट भरले. दुसरा ग्लास, तसाच. तिसरा ग्लास त्यानं कचऱ्याच्या डब्यात फेकला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण मी त्याला काही फेकताना कधी पाहिलं नव्हतं.

"गॅस तोड आधी," मी म्हटलं. "आणि वरची कडी ओढ."

त्यानं सिलिंडरची नळी काढली, झाकणावरची कडी ओढली. फुस्स करून गॅस सुटला. अर्ध्या तासानं पुन्हा ओढली. दुपारभर आम्ही आळीपाळीनं ते केलं. मधल्या वेळात त्यानं नळाची आखूड नळी काढून दुप्पट लांब बसवली, म्हणजे बिअर वाटेत दमून हळू येईल. संध्याकाळी पाचला मी ग्लास तिरका धरला.

"नळ पूर्ण उघड. भीत भीत अर्धा उघडलास तर फेसच येणार."

पूर्ण उघडला. बिअर ग्लासच्या कडेनं शांत उतरली, तांबूस, वर दोन बोटं फेसाची साय. रंग असा की ऑरिनचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा सैल झाला. त्यानं ग्लास नाकाशी नेला, सवयीनं. मग तो माझ्या हातात दिला.

एकतीस वर्षं मी त्याच्या प्रत्येक बिअरला "छान आहे" म्हणत आले. मला त्यातलं फार कळत नाही असं आम्ही दोघांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं. मी घोट घेतला. तो इकडून तिकडे येरझारा घालत होता.

"बोल ना."

"छान आहे."

"मॅव्हिस."

मी दुसरा घोट घेतला. "लोणी," मी म्हटलं. "सिनेमाच्या थिएटरात येतं तसलं, पॉपकॉर्नवरचं."

तो जागीच थांबला. घाई त्याला नडली होती. ही लोण्याची चव यीस्ट शेवटी स्वतःच खाऊन टाकतं, पण ते व्हायच्या आधीच त्यानं बादली थंड केली होती. पूर्वीच्या नाकानं हे त्याला नळीपाशीच सांगितलं असतं.

"नको जाऊया उद्या," मी म्हटलं. "बरं नाही असं कळवते."

"नको." मग थोड्या वेळानं, "कळव." मग गॅरेजमधून ओरडून, "थांब, नको कळवू!"

शनिवारी आम्ही केगला मागच्या सीटवर बसवून पट्टा बांधला. ऑरिन ताशी वीस मैलांच्या वेगानं गाडी चालवत होता, मागचे लोक हॉर्न वाजवत होते. सरोवरावरून बोचरा वारा येत होता. रेच्या परसात सगळे कोट घालून सॉसेज खात उभे होते. आम्ही केग बर्फाच्या टबात ठेवला, आणि ऑरिननं त्याच्यावर चक्क टॉवेल टाकला.

तेवढ्यात आइली आली. हातात दोन ग्लास.

"हे घे. तीच बिअर. वर्षभरात पाचदा केली." तिनं एक ग्लास त्याच्या छातीशी धरला. "आता बोल, काय बोलायचंय ते."

आजूबाजूचे वळून बघू लागले. ऑरिननं घोट घेतला. डोळे मिटले. मी त्याच्या मानेवरची शीर बघत होते. "छान आहे" म्हणाला असता तर सुटला असता, आइलीही खूश झाली असती. मला वाटलं, म्हण बाबा, एकदाचं म्हण.

"आइली, थंड आहे. गॅस बरोबर मुरलाय, जिभेला टोचतोय," तो म्हणाला. "बाकी मला काही कळत नाही. जानेवारीपासून माझं नाक गेलंय. वास नाही, चव नाही. माझ्या केगमध्ये लोणी आहे, तेसुद्धा मॅव्हिसनं सांगितलं."

रेच्या शेगडीवर सॉसेज करपत होते.

"म्हणजे मी वर्षभर तुझ्या नाकासाठी मरत होते," आइली म्हणाली, "आणि तू नाकच घालवून बसलास?"

"हो."

"नाकानं कांदे सोलायचास ना, बरं झालं!" एवढं बोलून तिलाच वाईट वाटलं असावं. तिनं टॉवेल उचलला, त्याच्या नळाखाली ग्लास धरला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "बाप रे. ही तर माझ्या गेल्या वर्षीच्या बिअरपेक्षा वाईट."

"ओतून टाकू का?"

"कशाला? माझ्या घरी बादलीत यीस्ट उसळतंय आत्ता. ते घाल हिच्यात, आणि खोलीत उबेला ठेव. लोणी खाईल ते. पण दोन आठवडे हात लावायचा नाही." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू, तुला कळत होतं तर इतकी वर्षं गप्प का होतीस?"

उत्तराची वाट न बघता तिनं आपला ग्लास माझ्या हातात दिला. मी चाखून सांगितलं, शेवटी जरा कडवट राहते. ती म्हणाली, "ते मुद्दामच आहे," पण नंतर तिला कागदावर काहीतरी टिपताना मी पाहिलं.

आइलीचं यीस्ट घातलेला केग दोन आठवडे आमच्या बैठकीत, सोफ्याशेजारी होता. ऑरिन त्याच्याभोवती फिरायचा, पण हात लावला नाही. दर गुरुवारी आइली बसची फेरी आटोपून यायची. आम्ही दोघी थेंबभर चाखायचो आणि तो आमच्या तोंडांकडे बघत उभा राहायचा. दुसऱ्या गुरुवारी लोणी गेलं होतं. मग फ्रिज, बारा पाउंड, आणि पूर्ण आठवडा. तेव्हापासून मंडळातले लोक आपापले ग्लास मला आणून देतात, आणि मी जे सांगते त्यावरून ऑरिन कारण शोधून काढतो. अर्ध्या वेळा आमचं भांडण होतं.

जूनच्या शेवटी पेट्रोल भरताना त्यानं माझा दंड घट्ट धरला. "येतोय," तो म्हणाला. "मॅव्हिस, पेट्रोलचा वास येतोय." टाकी भरली तरी तो गाडीबाहेर मान उंचावून उभा राहिला, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, मागच्या ट्रकवाल्यानं शिव्या देईपर्यंत. गाडीत बसला तोवर वास गेला होता. त्यानं सगळ्या काचा खाली केल्या आणि मी गाडी चालवत असताना घरापर्यंत तसाच, नाक बाहेर काढून बसला.