टाचेतून ढकला

नळीने दूध पिणारी बाई. जबडा तारेने बांधलेला.

जिमच्या आरशावर एका घामट पंजाचा ठसा.

"दंड बघा आमच्या दाजींचा! एका बुक्कीत दार मोडतील!" जिमच्या मास्तरचं हे वाक्य, सगळ्यांदेखत, कौतुकाने.

लेग प्रेस. पाठ टेकून पडायचं, तळवे वरच्या लोखंडी फळीवर, आणि ढकलायचं. फळी खाली येते ती गुडघ्यांसकट छातीवर येते. बाजूला खटका असतो. तो लावला की थांबते.

ती बाई मास्तरची ताई. फळीखाली तिचा नवरा.

भर दुपारी जिममध्ये दोघेच. मास्तरने शटर ओढलं, फळीवर वजनाच्या चकत्या चढवल्या.

"मेहुणे, जीव घेता का आज?" दाजी हसले.

"ढकला हो. अजून एक."

अजून एक चकती. अजून एक. दाजींच्या मांड्या थरथरल्या. "बास रे. खटका लाव."

मास्तरने खटका पायाने दाबून धरला, लागूच नये असा. "कुठल्या हाताने मारलंत तिला?"

"अरे, ती जिन्यावरनं पडली..."

"कुठल्या?"

फळी खाली आली. गुडघे छातीत रुतले. बरगडी मोडली ती दोघांनीही ऐकली.

"उज... उजव्या."

चेहरा जांभळा, तोंड उघडं, श्वास अडकलेला. वजनाखाली कुणी श्वास धरून ठेवला की मास्तरचं डोकंच फिरायचं.

"श्वास सोडा!" तो खेकसला. "टाच! टाचेतून ढकला!"

ओरडून झाल्यावर त्याला कळलं.

दाजींनाही सवय. श्वास सुटला, टाचा दाबल्या गेल्या, फळी वर गेली. ते कुशीवर लोळून बाहेर पडले. मागे फळी धाडकन आदळली.

मग उजवी मूठ. कंबर वळवून, खांद्यातून, मास्तरनेच शिकवली तश्शी. मास्तरचं नाक फुटलं. दुसरी कानावर. तिसरी बसायच्या आत मास्तरच्या हाताला एक लोखंडी दांडा लागला. तो त्याने दाजींच्या कोपरावर घातला. परत घातला. हाड कातडी फाडून बाहेर आलं.

दाजी चटईवर बसले, हाताकडे बघत. किंचाळून झाल्यावर, रोजच्यासारखं, मास्तरलाच विचारलं, "हा... होईल का रे पहिल्यासारखा?"

मास्तर रक्त थुंकला. या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे.

"होईल. नीट व्यायाम केलात तर."

आणि त्याने दांडा पुन्हा उचलला.

दाजींना पहिल्यांदा जिममध्ये ताईनेच आणलं होतं. त्यांची पाठ दुखायची.