न धुतलेली चादर

चौथा कोपरा काही केल्या बसेना. तीन कोपरे गादीखाली मुकाट्यानं गेले, आणि चौथा ओढावा तर पहिला टुणकन वर! इलॅस्टिकचा तो चुण्या पडलेला कोपरा तिच्या मुठीत आकसून बसला होता, आणि तिला त्याचा राग यायच्या ऐवजी गंमत वाटायला लागली होती. दुकानातली बाई म्हणाली होती तसंच झालं. "घट्टच हवी, ताई. पहिल्या फटक्यात बसली तर समजायचं, सैल आहे." शेवटी तिनं गुडघा गादीवर रोवला, चौथा कोपरा खाली दडपला, आणि कठड्याच्या त्या छोट्या पलंगावर चादर तंतोतंत ताणून बसली. एक सुरकुती नाही. हातानं दाबून पाहिलं. गादी कडक… इतकी कडक, की आपण हिच्यावर डुलकीसुद्धा काढणार नाही. पण तशीच हवी. गादी कडक, चादर घट्ट, आणि पलंगात बाकी काहीही नको, असं संस्थेतल्या ताईंनी बजावून सांगितलं होतं.

परवा घरी यायची होती ती मुलगी तीन महिन्यांची होती, आणि जन्मल्यापासून ती या ताईंच्याच अंगाखांद्यावर वाढली होती. दत्तक घ्यायचं ठरल्यापासून मुलीला दोनदा भेटायला मिळालं. पहिल्यांदा ती झोपलेली होती. दुसऱ्यांदा मात्र — नको, ते आत्ता नको. आत्ता चादर.

काल दुकानात नणंद बरोबर होती, आणि नणंदेला अख्खा संच हवा होता. कठड्याला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या, झालरीची उशी, ढगांच्या नक्षीची रजई… "अगं, असा उघडाबोडका पलंग? बाळ येतंय की भाडेकरू?" यावर तिनं उशी-रजईनं श्वास कोंडतो वगैरे सांगून पाहिलं, तर नणंद म्हणाली, "आम्ही काय श्वास न घेता मोठे झालो?" दुकानातली बाई दोघींच्या मध्ये उभी. विकायचं तर सगळंच होतं तिला, पण तिनं हळूच साध्या सुती चादरींचा गठ्ठा पुढं सरकवला. "चार घ्या. एक अंगाखाली, एक पाण्यात, एक दोरीवर आणि एक अडीअडचणीला. आणि पांढऱ्याच घ्या. डाग पडले तर दिसू देत की. लपवून काय करायचंय?" हे तिला एकदम पटलं. म्हणजे पटायला बराच वेळ लागला, पण पटलं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात डोळे तपासताना लोकांना विचारायचं, हे स्पष्ट की ते, आणि स्वतःवर वेळ आली की पांढरं की फिकट पिवळं यात गटांगळ्या खायच्या!

घरी आल्या आल्या चारही चादरी बिनवासाच्या साबणानं दोनदा धुतल्या होत्या. आता तिनं वाकून नाक लावलं. कसलाच वास नाही. तिला फार बरं वाटलं. निदान एक गोष्ट तरी बिनचूक झाली.

ताईंचा फोन आला तेव्हा ती कामावर, एका माणसाच्या उजव्या डोळ्यापुढं भिंग धरून उभी होती. "संध्याकाळी एक चादर घेऊन या. तिच्याखाली घालू, म्हणजे तुमच्या वासाची सवय होईल. आणि तिची एक तुम्ही न्या."

"आणते की. दोनदा धुतल्यात."

"अहो, धुतलेली काय करायचीय? तुमचा वास कुठाय तिला? अंगाजवळची द्या, वापरलेली."

भिंग हातात तसंच राहिलं. माझा वास… माझा कसला वास येतो? गंमतच आहे. तपासणीच्या त्या अंधाऱ्या खोलीत माणसांच्या चेहऱ्यांशी इतकं जवळ जावं लागतं, की गावातल्या निम्म्या लोकांना आपण डोळे मिटून ओळखू. तंबाखूचा, खोकल्याच्या गोळीचा, पावडरीचा, ओल्या लोकरीचा, आणि काहींचा नुसताच काळजीचा… आणि आपला? कुणी सांगितलंच नाही. आपणही कधी विचारलं नाही.

तिनं नवऱ्याला फोन लावला. तो शाळेत शिकवायचा, मधल्या सुट्टीत होता.

"माझा वास कसला येतो रे?"

"आत्ता? फोनवरून?"

"चेष्टा नको. सांग."

"चांगला येतो."

"चांगला म्हणजे कसा?"

मागं पोरांचा कल्ला चालला होता. "खरं सांगू? आता येतच नाही गं. सवय झालीय."

यावर रुसावं की खूश व्हावं, तिला कळेना. पण एक कळलं, की सवय होते. वासाची माणसाला इतकी सवय होते की तो नाहीसाच होतो… मग त्या मुलीला ताईंचा वास येत तरी असेल का? की तिच्या लेखी तो वास म्हणजे नुसती हवा, आणि परवा ती हवाच बदलणार?

दुसऱ्या भेटीत ताईंनी मुलीला तिच्या हातात दिलं, आणि मुलगी रडायला लागली. नुसती कुरकुर नव्हे, पाठीची कमान करून, लालबुंद होऊन. तिनं हलवलं, थोपटलं, काहीबाही पुटपुटली. ताईंनी परत घेतलं आणि मुलगी गप्प. एका श्वासात गप्प! ताई म्हणाल्या, "होतं असं," आणि तीही हसली, पण परत येताना बसमध्ये तिनं तोंड खिडकीकडे केलं होतं ते उतरेपर्यंत. ही मुलगी मला कधीच आपली म्हणणार नाही, अशी धास्ती तेव्हापासून तिच्या मनात ठाण मांडून होती. चादरी धुतल्या, गादी दाबून पाहिली, कठडे पुसले… पण ती काही हलेना.

जेवणाच्या सुट्टीत ती घरी पळाली, सकाळी इतक्या मारामारीनं बसवलेली चादर चार कोपऱ्यांतून उपसली, कुर्त्याच्या आत पोटाला गुंडाळली आणि वरून पांढरा कोट घातला. संध्याकाळपर्यंत जेवढा मुरेल तेवढा मुरो.

दुपारी पहिल्याच आल्या त्या एक आजीबाई. तक्त्यावरची अक्षरं त्यांना दिसत नव्हती, पण कोटाचा फुगवटा बरोबर दिसला. "अगंबाई! कधी गं?"

काय सांगायचं? खोटं बोलवेना. "परवा," ती म्हणाली.

"परवा?" आजीबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. "आणि तू कामावर? घरी जा आधी! माझे डोळे कुठं पळून जातायत?"

ती इतकी हसली, की चादर सुटून कोटाखाली लोंबायला लागली. मग सगळं सांगावंच लागलं. आजीबाईंनी लोंबणारं टोक चाचपलं, जवळ ओढून बेधडक नाकाला लावलं, आणि जराशानं मान हलवली. "येतोय काहीतरी." कसला, ते मात्र त्यांनाही सांगता येईना.

संध्याकाळी ताईंनी चादर घेतली आणि मुलीच्या अंगाखालची एक घडी करून दिली. मुलगी नुकतीच झोपली होती, म्हणून आत नेलं नाही. "धुऊ नका हं. पहिले काही दिवस हीच घाला." पण ताईंचा हात काही त्या घडीवरून निघेना. त्यांनाही परवापासून ही मुलगी नसणार, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. तिनं ताईंचा तो हात धरला, आणि नुसताच धरून ठेवला.

घरी येऊन तिनं ती चादर पलंगावर चढवली. धुऊन धुऊन विटलेली, इलॅस्टिक ढिलं. गादीखालून दोन गाठी मारल्या तेव्हा कुठं ताणून बसली. नाक लावलं. दूध, किंचित आंबूस. तेल. कसलासा साबण — तो ताईंचा असणार. आणि या सगळ्याच्या मागं आणखी एक काहीतरी, ज्याला तिच्याकडं शब्द नव्हता. तिनं पुन्हा हुंगलं. पुन्हा एकदा.

मग तिला डाग दिसला. लाळेचा, दुधाचा, वाळून पिवळट झालेला. पण तो मधोमध नव्हता, पार डावीकडे होता. आणि खाली, जिथं पाय येत असतील तिथं, एका जागी कापड घासून त्याचे बारीक गोळे झालेले. एकाच जागी. दुसरीकडे गुळगुळीत. म्हणजे ही एकच टाच घासते. एक टाच रोवायची, आणि रोज, रोज, तोंड डावीकडे… कशाकडे? खिडकी असेल? दार? शेजारच्या पलंगातलं कुणी? की काहीच नाही, नुसती खोड?

सबंध दिवस मी माझाच वास शोधत हिंडले. तिला मी कशी वाटेन, मी चालेन का, मी, मी… आणि ही बाई तिकडे तीन महिने पाय रोवून काहीतरी बघतेय!

"अरे, इकडे ये," तिनं हाक मारली. नवरा आला तेव्हा ती कठड्यावरून ओणवी होऊन, गाल त्या डागावर टेकवून डावीकडं बघत होती. भिंत. दिव्याचं बटण. फारच कंटाळवाणं.

"काय करतेयस?"

"तिथं उभा राहा. भिंतीशी. अजून थोडा मागं."

तो राहिला. आडवा दिसत होता, भिंतीतून उगवल्यासारखा. "काय दिसतंय?"

"तू. पण ते तू नसणार." ती विचारात पडली. "तिला डावीकडं बघायला आवडतं. काय बघत असेल रे?"

"ताईंना फोन करून विचार ना."

तिनं फोनकडं हात नेला, आणि मागं घेतला. धास्ती गेली नव्हती. परवा मुलगी रडेल, कमान करून रडेल, कदाचित पुष्कळ दिवस रडेल. पण ती कोण आहे हे जाणून घ्यायची अशी काही हाव तिला सुटली होती, की परवा लांब वाटायला लागला.

"नको," ती म्हणाली. "कळू दे तिच्याकडूनच." आणि गाल न उचलता ती डावीकडे बघत राहिली.